पूल, पंखा आणि तोल

पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं की सांगलीकर आयर्विन पुलावर पूर बघायला जातात. कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं तर आधी सगळं सरळ असतं: पाणी वाहतंय, पूल जागच्या जागी आहे. पण नजर तशीच त्या गढूळ पाण्यावर ठेवली, तर थोड्या वेळाने पाणी थांबल्यासारखं होतं आणि पूलच चालू लागतो. कठडा, आपण, शेजारी उभी असलेली माणसं, सगळे मिळून प्रवाहाच्या उलट दिशेने सरकू लागतात. पोटात गोळा येतो, हात आपोआप कठडा धरतो. मान वर करून काठावरच्या झाडांकडे पाहिलं की पूल पुन्हा जागेवर.

ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी नेमका हाच अनुभव एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवला आहे. ध्वनीच्या तुलनेत विमानाचा वेग सांगताना आपण ज्यांचं नाव घेतो तेच हे माख. पुलावरून वाहतं पाणी बघत राहिलं की पाणी नव्हे, पूलच हलू लागतो, याचं त्यांना कुतूहल होतं. मुंबईकराला यासाठी नदीही लागत नाही. दादरला आपली गाडी उभी असते, शेजारच्या रुळावरची सुटते, आणि क्षणभर आपलीच सुटली असं वाटतं. फलाटाचा खांब दिसला की खुलासा होतो. शरीर तसूभरही हललेलं नसताना केवळ डोळ्यांमुळे आपण हललो असं वाटणं, याला शास्त्रज्ञ ‘व्हेक्शन’ म्हणतात. हा आजार नव्हे. धडधाकट मेंदूची ही रोजची कामाची पद्धत आहे, आणि फिरतं काही बघून येणाऱ्या चकरेचं मूळ तिच्यातच आहे.

या पद्धतीवर कुणीतरी पैसे कमावणार हे ठरलेलंच होतं. १८९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘मिडविंटर फेअर’ नावाची मोठी जत्रा भरली होती. तिथे तिकीट काढून लोक एका खोलीत शिरत. खोलीत खुर्च्या, टेबल, दिवे असं घरासारखं सामान, आणि मधोमध छताजवळच्या दांड्याला टांगलेला मोठा झोपाळा. लोक बसले की झोपाळा हलू लागे. आधी थोडा, मग जास्त, आणि शेवटी दांड्याभोवती पूर्ण गिरकी! माणसं किंचाळत, काही डोळे मिटून घेत, बाहेर पडताना काहींना धड चालता येत नसे. प्रत्यक्षात झोपाळा जवळपास स्थिर होता. सामान खिळ्यांनी घट्ट बसवलेलं होतं आणि अख्खी खोलीच त्या दांड्याभोवती फिरवली जात होती.

या ‘झपाटलेल्या झोपाळ्या’चं वर्णन १८९५ मध्ये मानसशास्त्राच्या एका नियतकालिकात छापून आलं. लिहिणारे होते रॉबर्ट वूड, हेही भौतिकशास्त्रज्ञच. (त्वचारोगतज्ज्ञ चट्टे तपासायला जो जांभळट दिवा वापरतात, तो ‘वूड्स लॅम्प’ यांच्याच नावाचा.) वूड यांच्या टिपणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की झोपाळ्याची युक्ती पूर्ण माहीत असतानाही भास टळत नव्हता. खोली फिरतेय, आपण नाही, हे बुद्धीला पटलेलं होतं. पोटाला मात्र पटत नव्हतं. चक्कर येणाऱ्या माणसाला ‘मनावर घेऊ नकोस’ असं सांगणाऱ्यांनी या झोपाळ्याची आठवण ठेवावी.

असं का होतं हे समजायला कानात शिरावं लागतं. आतल्या कानात, ऐकण्याच्या शंखाला लागूनच, तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. तिन्ही एकमेकींना साधारण काटकोनात, आणि तिन्हींत द्रव. पाण्याने भरलेला पेला हातात चटकन फिरवला तर पेला फिरतो, पाणी मात्र क्षणभर मागे राहतं. डोकं वळलं की नलिकांत तेच होतं. मागे राहिलेला द्रव एका लवचिक पडद्याला ढकलतो, त्यात शिरलेले पेशींचे केसांसारखे तंतू वाकतात आणि डोकं कुठल्या दिशेला वळलं हे मेंदूला कळतं. शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. खाली कुठे, वर कुठे, गाडीने वेग घेतला की ब्रेक लावला, हे त्यांच्याकडून कळतं.

यंत्रणा अप्रतिम आहे, पण तिच्यात एक मोठी उणीव आहे. नलिकांना वेग कळत नाही, फक्त वेगातला बदल कळतो. एकाच गतीने फिरत राहिलं तर थोड्या वेळाने द्रवही तितक्याच वेगाने फिरू लागतो, पडदा सरळ होतो, आणि नलिका ‘सगळं स्थिर आहे’ असं कळवू लागते. अंधाऱ्या खोलीत एकसारख्या फिरणाऱ्या खुर्चीवर बसवलेल्या माणसाला अर्ध्या-एक मिनिटात आपण थांबलो असं वाटतं. खरोखर थांबवलं की उलटं फिरल्यासारखं वाटतं. फुगडी संपल्यावर जमीन फिरते ती यामुळेच. (फुगडीत एकमेकींच्या चेहऱ्यावर नजर ठेवण्याची रीत शहाणपणाची आहे. आपल्याबरोबरच फिरणाऱ्या चेहऱ्यावर डोळे रोखले की डोळ्यांचे झटके बरेच आवरले जातात.)

नलिकांची ही उणीव डोळे भरून काढतात. दृश्याची अख्खी पार्श्वभूमी एका दिशेने सरकत असेल, तर मेंदू एक साधा हिशेब करतो: डोंगर, झाडं, भिंती स्वतःहून हलत नाहीत, म्हणजे हललो ते आपणच. लाखो वर्षं हा हिशेब क्वचितच चुकला असेल. फिरत्या खोल्या आणि शेजारून सुटणाऱ्या लोकलगाड्या अगदी अलीकडच्या. हा हिशेब खोल कुठेतरी, विचाराच्या पातळीखाली होतो याचा पुरावा १९७७ साली मिळाला. वेस्पे आणि हेन या शास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूतल्या, कानाच्या तोलयंत्राचे संदेश घेणाऱ्या पेशींवर नजर ठेवली. माकड फिरवलं की पेशी उत्तेजित होत, यात नवल नाही. पण माकडाला स्थिर बसवून भोवतीचं पट्ट्यापट्ट्यांचं पिंप फिरवलं, तरी त्याच पेशी तशाच उत्तेजित होत होत्या. म्हणजे कानाकडून आलं काय आणि डोळ्याकडून आलं काय, त्या पेशीला दोन्ही सारखंच.

एक बारकावा इथेच सांगायला हवा. या भासाला दृश्याचा मोठा भाग हलावा लागतो, विशेषतः नजरेच्या कडांचा. म्हणून दूरवर फिरणारा भोवरा बघून कुणाला सहसा चक्कर येत नाही, आणि सिनेमागृहात पहिल्या रांगेत बसलेल्याला कॅमेऱ्याची गिरकी सोसवत नाही. १९५२ साली अमेरिकेत ‘सिनेरामा’ हा भव्य वक्र पडदा आला. त्यावरच्या पहिल्या चित्रपटात रोलर कोस्टरची फेरी होती, आणि प्रेक्षक खुर्चीचे हात घट्ट धरून बसत. पडदा बाजूंनीही डोळ्यांना वेढत होता, सगळी करामत त्यातच होती.

डोळ्यांचं हे वजन लहान मुलांत किती असतं, ते १९७४ साली डेव्हिड ली आणि एरिक ॲरन्सन यांनी दाखवलं. नुकतंच उभं राहायला लागलेलं मूल त्यांनी एका खोलीत उभं केलं. खोलीच्या भिंती आणि छत टांगलेलं होतं, जमीन मात्र पक्की. भिंत थोडीशी पुढे सरकवली की मूल डोलायचं, अनेकदा चक्क पडायचं. पायाखाली काहीही हललेलं नसताना! मोठी माणसं पडली नाहीत, पण डोलली तीही. वय वाढतं तसा पायांचा आणि कानाचा अनुभव जमा होतो आणि डोळ्यांची मक्तेदारी कमी होते. संपत मात्र नाही.

आता मळमळ. तोल आणि पोट यांचा संबंध काय, या प्रश्नाचं सगळ्यांना मान्य असं उत्तर अजून नाही. सर्वसाधारणपणे मानलं जातं ते असं: डोळा म्हणतो फिरतोय, कान म्हणतो बसलोय, आणि या विसंगतीमुळे मळमळ सुटते. घाटात एसटीत बसून मोबाइल वाचणाऱ्याला गाडी लागते तेव्हा हीच विसंगती उलट्या बाजूने असते. कान म्हणतो वळतोय, डोळा म्हणतो अक्षरं स्थिर आहेत. १९७७ साली मिशेल ट्राइसमन यांनी त्यापुढे जाऊन सुचवलं की इंद्रियांत असा मेळ बिघडला की शरीर त्याचा अर्थ ‘विष पोटात गेलं’ असा घेतं आणि ते बाहेर टाकू पाहतं. कल्पना मोहक आहे. ती सिद्ध करणं अवघड आहे, त्यामुळे मी तरी तिला एक छान तर्क म्हणूनच धरतो.

कानाची भूमिका मात्र पक्की माहीत आहे. १८८२ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी पाचशेहून अधिक मूकबधिर व्यक्तींची पाहणी केली. त्यांतल्या बऱ्याच जणांना गरगर फिरवूनही चक्कर येत नव्हती. कारण ऐकण्याच्या यंत्राबरोबर त्यांचं तोलाचं यंत्रही निकामी होतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकी नौदल आणि नासाने गॅलॉडेट कॉलेजमधल्या अकरा कर्णबधिर पुरुषांवर अशाच चाचण्या केल्या. खवळलेल्या समुद्रात हे अकरा जण निवांत पत्ते खेळत बसले, त्यांना तपासायला आलेले संशोधक मात्र आजारी पडले. आणि आपल्या विषयाशी थेट जोडलेली गोष्ट ही की तोलयंत्र बंद असलेल्या माणसाला फिरत्या पिंपात बसवलं तर आपण फिरतोय असा भास त्यालाही होतो, पण मळमळ सुटत नाही. भास डोळा घडवतो. त्रास व्हायला मात्र डोळ्याशी भांडणारा जिवंत कान लागतो.

इथवरचं सगळं कुणाच्याही बाबतीत घडणारं. काही माणसांच्या बाबतीत मात्र हे पूल किंवा पिंपापुरतं राहत नाही. मॉलमधल्या रॅकच्या रांगांतून चालताना, आठवडी बाजाराच्या गर्दीत, पट्ट्यापट्ट्यांचे पडदे बघताना, गाडीचे वायपर चालू असताना, मोबाइलवर बोटाने भराभर सरकवताना, टीव्हीवर पाठलागाचं दृश्य लागलं की त्यांना गरगरतं. डोकं हलकं होतं, तोल गेल्यासारखं वाटतं, दुकानातून बाहेर पडावंसं वाटतं. घरच्यांना वाटतं, हा बाजारात जायची टाळाटाळ करतो.

या तक्रारीचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. १८७० साली व्हिएन्नाच्या मोरित्झ बेनेडिक्ट यांनी मोठ्या मोकळ्या चौकात चक्कर येणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं आणि दोष डोळ्यांच्या कामात शोधला. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी तशाच रुग्णांकडे पाहून भीतीवर बोट ठेवलं आणि ‘ॲगोराफोबिया’ हे नाव दिलं. वेस्टफाल जिंकले. त्यानंतर शंभरेक वर्षं बाजारात चक्कर येणाऱ्या माणसाला मनाच्या डॉक्टरकडे पाठवण्याचीच प्रथा राहिली. काहींना त्याची खरंच गरज होती. अनेकांना कानाच्या डॉक्टरची होती.

१९९५ मध्ये लंडनमधले न्यूरॉलॉजिस्ट अडोल्फो ब्रॉनस्टाइन यांनी अशा रुग्णांची बारकाईने तपासणी केली. त्यांना पडद्यावरची रेघ बरोबर उभी करायला सांगायची आणि मागे ठिपक्यांची मोठी चकती फिरवत ठेवायची, अशी पुढच्या काही वर्षांतली एक चाचणी. सगळ्यांचीच रेघ थोडी कलते. या रुग्णांची जास्त कलायची. म्हणजे तोल सांभाळताना हे लोक डोळ्यांवर वाजवीपेक्षा जास्त विसंबत होते. त्याचं कारणही लागलं. अनेकांना आधी कधीतरी कानाच्या तोलयंत्राचा आजार होऊन गेला होता. कानाने दगा दिला तेव्हा मेंदूने डोळ्यांचा आधार घेतला, आणि कान सावरल्यावरही तो सोडला नाही. आता डोळ्यांसमोर जे हलेल त्याच्याबरोबर माणूस हलतो.

डॉक्टर याला आज ‘व्हिज्युअली इंड्यूस्ड डिझिनेस’ म्हणतात, जुन्या नावाने ‘व्हिज्युअल व्हर्टायगो’. अर्धशिशी असणाऱ्यांतही हे बरंच दिसतं. आणि चक्कर तीन महिन्यांहून जास्त, बहुतेक दिवस राहिली, उभं राहिल्यावर, हालचालीने आणि हलत्या किंवा गुंतागुंतीच्या दृश्यांनी ती वाढत असली, तर ‘पीपीपीडी’ हे निदान होऊ शकतं. त्याचे निकष बाराणी सोसायटीने २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. ही संस्था रॉबर्ट बाराणी यांच्या नावाची. कानाच्या तोलयंत्रावरील कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

आता आपल्या घरातला पंखा. “पंख्याकडे बघितलं की गरगरतं” हे वाक्य आपल्याकडे दवाखान्यात वारंवार ऐकू येतं, आणि त्यात एक मोठी फसगत लपलेली असू शकते. छताच्या पंख्याकडे बघायला मान मागे टाकावी लागते किंवा उताणं झोपावं लागतं. आतल्या कानातले ते कॅल्शियमचे खडे जागचे सुटून नलिकेत शिरले असतील, तर नेमक्या याच हालचालीने खोली भोवंडते. या आजाराचं नाव बीपीपीव्ही. तो फार आढळतो, आणि त्यात पंख्याचा काहीही दोष नसतो. ओळखायला सोपं आहे. माळ्यावरचा डबा काढताना, कूस बदलताना, सकाळी उठताना तशीच चक्कर येते का? ती मिनिटभराच्या आत ओसरते का? पंखा बंद असताना वर बघितलं तरी येते का? उत्तरं ‘हो’ असतील तर दोष बहुधा खड्यांचा. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरांनी शोधलेल्या डोकं वळवण्याच्या पद्धतीने ते खडे जागेवर नेता येतात. अनेकांना एक-दोन बैठकांत आराम पडतो, औषधाची गरजच पडत नाही. उलट मान सरळ ठेवून समोर टेबलफॅन बघितल्यावरही गरगरत असेल, गर्दीत आणि मोबाइलवरही तेच होत असेल, तर प्रश्न डोळ्यांवरच्या भरवशाचा. दोघांचे उपचार अगदी वेगळे, म्हणून हा फरक घरीच लक्षात आला तर डॉक्टरांचं काम निम्मं होतं.

मोबाइलच्या बाबतीत एक सोय फारशी कुणाला माहीत नसते. २०१३ मध्ये ॲपलने आयफोनच्या पडद्यावर झूम होत उघडणारी चित्रं आणली आणि जगभरातून मळमळीच्या तक्रारी आल्या. कंपनीला ती हालचाल आणखी कमी करता येईल अशी सोय द्यावी लागली. आज आयफोनमध्ये ‘रिड्यूस मोशन’ आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘रिमूव्ह ॲनिमेशन्स’ अशी सोय सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटी विभागात असते. ज्यांना त्रास होतो त्यांनी ती आजच चालू करावी. लुकलुकणारा प्रकाश हा मात्र वेगळा विषय. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानात पोकेमॉनचा एक भाग बघून शेकडो मुलं रुग्णालयात गेली. त्यामागे तोल नव्हता, वेगाने उघडझाप करणाऱ्या लाल-निळ्या प्रकाशाने आलेले झटके होते.

उपचाराचा भाग थोडा उलटा वाटेल असा आहे. ज्याने चक्कर येते ते टाळावं हे कुणालाही सुचतं. माणूस बाजार सोडतो, काळा चष्मा लावतो, पंखा बंद करून उकाड्यात बसतो. पण मेंदू सवयीने शिकतो, आणि टाळण्याने तो काहीच शिकत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये टेरेन्स कॉथॉर्न आणि एफ. एस. कुक्सी यांनी डोक्याला इजा झालेल्या रुग्णांसाठी डोळे, डोकं आणि शरीर मुद्दाम हलवण्याचे व्यायाम आखले. त्या काळी असे रुग्ण अंथरुणात पडून राहत. हलणारे लवकर बरे होतात हे या दोघांनी ओळखलं. आजचे फिजिओथेरपिस्ट त्यात हलत्या दृश्यांची भर घालतात. आधी बसून, पडद्यावर सरकणारे पट्टे थोडा वेळ बघायचे. मग उभं राहून, मग चालता चालता, मग खऱ्या बाजारात. थोडी चक्कर यावी इतपत, पण लोळवेल इतकी नाही, आणि रोज. फरक आठवड्यांत दिसू लागतो, दोन दिवसांत नाही. भीती जोडीला असेल तर तिच्यावर वेगळा उपचार करावा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

काही लक्षणं मात्र यातली नव्हेत. अचानक आलेल्या चकरेबरोबर एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, चेहरा किंवा एक हात-पाय लुळा पडणं, अजिबात उभं राहता न येणं, कधी न अनुभवलेली तीव्र डोकेदुखी, यांतलं काहीही दिसलं तर तो मेंदूचा झटका समजून तडक रुग्णालय गाठावं.

बाकीच्यांसाठी सांगायचं ते गोळ्यांबद्दल. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन या चकरेवरच्या गोळ्या पहिले काही दिवस जोराची चक्कर असताना उपयोगी पडतात. आपल्याकडे मात्र एकदा मिळालेली चिठ्ठी दाखवून त्या महिनोन्महिने घेतल्या जातात. लांबलेल्या वापराने मेंदूचं शिकणं मंदावतं, आणि उतारवयात त्यांनी कंपवातासारखी लक्षणंही येऊ शकतात. घरात कुणी अशी गोळी काही आठवड्यांपेक्षा जास्त काळ घेत असेल, तर ती मनाने बंद करू नका, पण या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. चक्कर कशाने येते, किती वेळ टिकते आणि गोळी केव्हापासून चालू आहे, या तीन गोष्टी कागदावर लिहून न्या.